ब्रेकची काळी डबी

आमच्या ह्यांचं नाव काशीनाथ बिडवे, पण इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतली निम्मी मराठी माणसं त्यांना टोबारवाले काका म्हणूनच ओळखतात. टोबार म्हणजे ट्रेलर किंवा कॅरव्हॅन ओढायला गाडीच्या मागे बसवतात तो लोखंडी आकडा. आकडा बसवणं सोपं, असं हे म्हणतात. चार बोल्ट आवळले की झालं. खरं काम त्यामागच्या वायरिंगचं. चौदा वर्षं हे ग्रॅहम नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये तेच करत होते. 'करत होते' असं म्हणावं लागतंय याचाच मला संताप आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी सुप्रभा, त्यांची बायको. नर्स आहे. दोन हजार तीन साली इथल्या हॉस्पिटलने मला नोकरी दिली आणि हे पिंपरीतल्या कारखान्यातली नोकरी सोडून माझ्या मागून आले. बायकोच्या व्हिसावर परदेशी गेला म्हणून त्यांच्या भावांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. ह्यांनी ती मला एकदाही ऐकवली नाही. पहिली सहा वर्षं गोदामात खोकी उचलली. मग एकदा ग्रॅहमच्या गॅरेजबाहेर एक जुनी कॅरव्हॅन उभी होती, तिचे दिवे गॅरेजमधल्या तिघांकडूनही लागले नव्हते. हे सहज थांबले, विचारलं, आणि दीड तासात लावून दिले. इंग्रजी तेव्हा यथातथाच. घरी येऊन म्हणाले, "वायरला कुठे इंग्रजी येतं?" दुसऱ्या दिवसापासून नोकरी.

माणूस अबोल. दोघांच्या वाटणीचं मीच बोलते. पण काम बघावं तर त्यांचं. वायरचा एकेक जोड केला की तीनदा ओढून बघायचे. घरातसुद्धा तेच. मी डब्याचं झाकण लावलं तरी हे पुन्हा दाबून बघणार. मी चिडायचे. म्हणायचे, अहो, भाजी आहे ती, कॅरव्हॅन नाही.

ग्रॅहमच्या गॅरेजमध्ये प्रत्येक कामाचं जॉबकार्ड असतं. काय बसवलं, कुठे बसवलं, चार फोटो आणि खाली गिऱ्हाइकाची सही. ह्यांची जॉबकार्डं इतकी नेटकी की ग्रॅहम ती बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवायचा. पण हाच माणूस रविवारी आपल्या लोकांच्या दारात काम करायला गेला की कागद नाही, फोटो नाही, सही नाही. कोणाचा रिव्हर्स कॅमेरा, कोणाचा सायकलींचा रॅक, कोणाची बॅटरी. मोबदला म्हणजे चहा आणि पोहे. मी म्हणायचे, निदान एक फोटो तरी काढत जा. तर म्हणायचे, "अगं, आपल्या माणसाची सही घ्यायची? पंगतीत वाढताना कोणी सही घेतं का?" भीड भिकेची बहीण, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल.

आणि आपल्या माणसांतला सगळ्यात आपला माणूस म्हणजे परीक्षित.

परीक्षित दोन हजार तेरा साली पुण्याहून आला, वर्क व्हिसावर. गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर जे काय दिसतं ते हा करायचा. पहिले सहा आठवडे आमच्या मागच्या खोलीत राहिला. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये राउंडअबाउटवर, म्हणजे इथल्या गोल चौकात, दोनदा नापास झाला, तेव्हा हे महिनाभर दर संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून शहरातली सगळी राउंडअबाउटं फिरले. आम्हाला मूल नाही. हे मी कोणी हळहळावं म्हणून सांगत नाही, परीक्षित आमच्या घरात कुठे बसायचा ते कळावं म्हणून सांगते. त्याच्याकडे आमच्या घराची किल्ली होती. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या, म्हणजे पूर्वीच्या, आईवडिलांनी स्थळाची चौकशी फोनवरून आमच्याकडे केली. मुलगा लाखात एक, असं मीच सांगितलं. माझ्याच तोंडाने.

पुढे त्याला इथला कायमचा राहायचा परवाना मिळाला, आणि त्याच्या डोक्यात मिसळीचं वेड शिरलं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार जत्रा, शेतकी प्रदर्शनं, मेळे असतील तिथे मिसळ-पाव विकायचा. त्यासाठी त्याने पीटरबराकडच्या एका विक्रेत्याकडून जुना अमेरिकन ट्रेलर घेतला. चकचकीत अल्युमिनियमचा, आत ओटा, शेगडी, खिडकी. ओढायला नवा कोरा पिकअप घेतला. कागदपत्रं सगळी रीतसर केली. अडलं ते ब्रेकवर.

मला हे सगळं ह्यांच्यामुळे माहीत, म्हणून थोडक्यात सांगते. इथले ट्रेलर स्वतःच्या रेट्याने थांबतात. गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. या अमेरिकन ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. त्यासाठी गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी एक काळी डबी बसवावी लागते, ब्रेक कंट्रोलर म्हणतात तिला. गाडी किती जोरात थांबते आहे ते ती डबी ओळखते आणि तेवढी वीज मागे सोडते. पण ती ओळखायला डबी सपाट जागी, घट्ट आणि पुढे तोंड करूनच बसवावी लागते. वाकडी बसली तर तिला गाडी थांबतेय हेच कळत नाही.

तीन गॅरेजवाल्यांनी परीक्षितला नाही म्हटलं. ग्रॅहमही म्हणाला, हे आपल्या नेहमीचं काम नाही, गॅरेजच्या नावावर नको. मग परीक्षित आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"काका, सीझन मेमध्ये सुरू होतो. बुकिंग्ज झालीयेत माझी. तुम्ही नाही म्हणालात तर मी संपलोच."

हे म्हणाले, "माहिती-पुस्तक आहे ना सोबत? मग करू."

दोन रविवार गेले त्यात. ह्यांनी आठवडाभर ते पुस्तक वाचलं, शब्द अडला की मला विचारलं. बॅटरीपासून जाड वायर काढली, तिला फ्यूज घातला, गाडीच्या खालून मागपर्यंत नेली, दर वीतभर अंतरावर बांधली. ब्रेकच्या पायाशी असलेली नेमकी वायर शोधायला एक अख्खी सकाळ गेली, कारण नव्या गाडीत चुकीच्या वायरला हात लावला तर सगळे पडदे रुसतात. शेवटी डबी कुठे बसवायची हा प्रश्न आला. पिकअपचा डॅशबोर्ड सगळा गोलाईचा. सपाट जागा एकच, मधोमध. ह्यांनी स्क्रू काढले तर परीक्षित कळवळला.

"काका, नव्या गाडीला भोकं नको ना प्लीज. महिनासुद्धा झाला नाहीये."

मग ह्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड पट्टी आणली, जागा स्पिरिटने तीनदा पुसली आणि डबी बसवली. त्यावर सपाटी मोजायचा लहानसा लेव्हल ठेवून बघितला. मी तिथेच चहा घेऊन उभी होते. ह्यांनी डबी ओढून बघितली, हलली नाही. परीक्षितने विचारलं, "आणि कधी काढायची झाली तर?"

"हेअर ड्रायरने गरम कर, सुटेल. पण काढू नकोस. काढलीस तर मला बोलाव."

मग एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात दोघांनी ट्रेलर जोडून वीस वेळा ब्रेक लावून बघितले. घरी आले ते हे हसत होते. मला म्हणाले, ट्रेलर मागे आहे हे कळतसुद्धा नाही. एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून आलं म्हणजे दिवाळीच. फोटो मात्र काढला नव्हता. कागदही नाही. पूर्वीने पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या जेवून आलो.

अक्षय्य तृतीयेला परीक्षितने पिकअपची आणि ट्रेलरची पूजा केली. त्याची आई, सिंधुबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आम्हाला बोलावणं होतं, पण शुक्रवार होता. माझी ड्यूटी, ह्यांचं गॅरेज. जाता आलं नाही.

त्यानंतर दहाव्या दिवशी दुपारी परीक्षितचा फोन आला. स्ट्रॅटफर्डच्या पुढे एका उतारावर, खाली राउंडअबाउट दिसतं आहे, याने ब्रेक लावला आणि ट्रेलर थांबलाच नाही. त्याने मागून पिकअपला असा रेटा दिला की दोन्ही वाहनं मधोमध दुमडली आणि कठड्यावर जाऊन आदळली. दुसरं कोणी मध्ये आलं नाही, नशीब. परीक्षितला खरचटलं. पूर्वीचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

ह्यांनी फोन कानाला लावलेला होता आणि मला पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "काका, ट्रेलरचे ब्रेक लागलेच नाहीत."

बस. एवढंच म्हणाला तो. पण त्या एका वाक्याने माझा नवरा तीन आठवडे जळत राहिला. कामावरून आला की टेबलाशी बसायचा आणि आलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूंवर त्या वायरिंगची चित्रं काढायचा. कुठला जोड सुटला असेल? फ्यूज कमी पडला का? पाणी शिरलं का? गाडी बघायला मिळेना, ती विमा कंपनीने उचलून नेली होती. जेवण अर्ध्यावर टाकायचे. एकदा आंघोळीला गेले ते नळ सोडून नुसतेच उभे, मी दार वाजवलं तेव्हा म्हणाले, "अर्थिंगचा स्क्रू मी तीनदा बघितला होता गं. तीनदाच बघितला होता ना?" मला काय माहीत? मी हो म्हटलं.

आम्ही पूर्वीला हॉस्पिटलात बघायला गेलो. हात गळ्यात बांधलेला, चेहरा सुजलेला. ह्यांनी तिच्यासमोर हात जोडले. साठीला आलेल्या माणसाने तिशीतल्या पोरीपुढे हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या हातून काहीतरी चुकलं, पोरी." पूर्वी रडायला लागली. परीक्षित शेजारी उभा होता. त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या काका. होतं माणसाकडून."

हे वाक्य मी विसरणार नाही. तेव्हा मला वाटलं होतं, केवढं मोठं मन आहे पोराचं! घरी येताना मी तसं बोलूनही दाखवलं.

पूर्वी घरी आली, तेव्हा मी एक दिवसाआड डबा नेऊन देऊ लागले. असाच एकदा गेले असताना परीक्षित ऑफिसात होता, पूर्वी वर झोपली होती आणि सिंधुबाई खाली एकट्याच बसल्या होत्या. भली बाई. मी त्यांना मावशी म्हणायचे. माझा हात धरून म्हणाल्या, "सुप्रभा, बाप्पानंच वाचवलं गं पोरांना. मी हट्टच धरला म्हणून बाप्पा बसला गाडीत."

मी विचारलं, "म्हणजे?"

"अगं, पूजेला मी साताऱ्याहून आणलेली मूर्ती बसवायची होती. आता बाप्पा बसायचा तो मधोमधच ना? तर तिथं ती काळी डबी. मी म्हटलं, परीक्षित, देवाच्या जागेवर कसली रे ही डबी? मग त्यानं पूर्वीचं ते केस वाळवायचं मशीन आणलं, गरम वाफ दिली, आणि डबी सुटली की लगेच. खालच्या कप्प्यात खोचून टाकली, पट्टीनं बांधली. दिवा लागत होता तिचा तसाच. आणि बाप्पा कसा शोभून दिसला वर!"

मी ताटलीत चपात्या काढत होते. माझा हात तिथेच थांबला. आपण नेमकं काय सांगितलं याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. त्या पुढे मोदकांबद्दल बोलायला लागल्या.

मी घरी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माणसांबद्दल नव्हता. "कप्प्यात कशी ठेवली होती? आडवी?" मी म्हटलं, खोचली म्हणाल्या. "म्हणजे आडवीच. तो कप्पा अरुंद आहे." मग खुर्चीत बसले आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला. माझं नव्हतं, म्हणाले. माझं चुकलं नव्हतं.

आणि मग हळूहळू दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. माझ्या ती घरी येताना बसमध्येच लक्षात आली होती. परीक्षितला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हॉस्पिटलात खांद्यावर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी गेलो आम्ही. मी बोलायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं होतं. परीक्षितने दार उघडलं, काका-काकू या या केलं. हे उभ्याउभ्याच म्हणाले, "डबी तू काढलीस."

त्याने एकदा आईकडे बघितलं. मग बसला आणि एकदम शहाण्यासारखं बोलायला लागला.

"काका, ऐका ना. मला खरंच माहीत नव्हतं की पोझिशनने इतका फरक पडतो. दिवा लागत होता. आय थॉट इट्स वर्किंग. पण आता मी स्टेटमेंट दिलंय. डबी त्या कप्प्यात तुम्हीच बसवली होती, असं. आता मी फिरलो तर क्लेम जातो, आणि वर पोलीस म्हणणार गाडी सेफ नव्हती आणि ती मी चालवली. माझं लायसन्स जाईल. पूर्वीचं सिटिझनशिपचं सुरू आहे."

"आणि माझं?"

"तुमचं काय होणार काका? तुम्ही काही कंपनी नाही. ग्रॅहम तुम्हाला चौदा वर्षं ओळखतो. एक रिपोर्ट येईल, संपेल. फॅमिलीत एवढं तर सांभाळून घेतोच ना आपण?"

मी गप्प बसणार होते. नाही बसता आलं. मी म्हटलं, "फॅमिली? आमच्या घरात राहून आमच्याच घराचे वासे मोजतोस आणि वर फॅमिली म्हणतोस?" आणि सिंधुबाईंकडे वळले. "मावशी, दुपारी मला काय सांगितलंत? सांगा सगळ्यांसमोर."

सिंधुबाईंनी पदर सारखा केला. मुलाकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मला म्हातारीला काय कळतंय गं त्यातलं? माझं काही लक्षात राहत नाही."

ह्यांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. फाटकाशी म्हणाले, "त्यांना का विचारलंस? ती आई आहे." बघा. त्या क्षणीसुद्धा ह्यांना दुसऱ्याच्या आईची पडली होती! मी रस्त्यात उभी राहून त्यांच्यावर ओरडले. सगळा राग त्यांच्यावर काढला, कारण तो ऐकून घेणारा तेवढा एकच माणूस तिथे होता.

महिन्याने विमा कंपनीचा अहवाल आला. कंट्रोलर सैल आणि आडवा बसवलेला आढळला, बसवणाऱ्याचा निष्काळजीपणा, असं त्यात लिहिलेलं. बसवणारा म्हणून ह्यांचं नाव, स्पेलिंग अगदी बरोबर. ह्यांनी विमा कंपनीला पत्र लिहिलं. मीच ते इंग्रजीत नीट केलं. सगळं खरं सांगितलं, पट्टी, स्पिरिट, लेव्हल, हेअर ड्रायर. उत्तर आलं. आपल्याकडे कामाचा कागद आहे का? बसवतेवेळचा फोटो आहे का? मालकाची सही? मालक आणि त्यांचे कुटुंबीय यांचं म्हणणं आपल्या म्हणण्याशी जुळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी, टपालाने घरपोच.

ग्रॅहम आमच्या घरी आला होता. चौदा वर्षांत दुसऱ्यांदा. टोपी हातात घेऊन बसला आणि म्हणाला (ह्यांना तो 'काश' म्हणतो), काश, तू अशी डबी आडवी बसवणार नाहीस, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण आता गॅरेजचा विमावाला म्हणतो की या माणसाने गाड्यांना हात लावायचा नाही. मी तुला काढणार नाही. काउंटरवर बस, पार्ट्स दे, बिलं कर.

तेव्हापासून हे काउंटरच्या अलीकडे बसतात. मागे वर्कशॉपमध्ये दुसरी माणसं काम करतात आणि ह्यांना सगळं दिसतं. कोणी जोड ओढून बघितला नाही तर दिसतं. बोलता येत नाही. घरी येतात तेव्हा हात स्वच्छ असतात. लग्न झाल्यापासून मी त्या हातांच्या काळ्या नखांवरून कुरकूर केली, आणि आता ते धुतलेले हात बघितले की मला भरून येतं. आपल्या लोकांतही काय ते पसरलं. रविवारी फोन येणं बंद झालं. मराठी मंडळाच्या कोजागिरीला गेलो तर एक जण मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकांचं वय झालं, आता दगदग नको त्यांनी करायला." परीक्षित तिथे दूध आटवत होता. हसून सगळ्यांना वाढत होता. आम्हालाही आणून दिलं. ह्यांनी घेतलं. मी नाही घेतलं.

वर्ष होत आलं. मार्चमधला रविवार, सकाळचे अकरा. मी मेथी निवडत होते. दारात परीक्षित. हातात पेढ्यांचा डबा आणि बगलेत एक खोकं. बाहेर दुसरा पिकअप उभा होता, पांढरा.

मी दारातच अडवणार होते, पण मागून हे आले आणि म्हणाले, "ये." सवय. परीक्षित आत आला, नेहमीच्या खुर्चीत बसला. सिंधुबाई साताऱ्याला परतल्या, बऱ्या आहेत. पूर्वीचा हात आता पूर्ण वर जातो. विमा मिळाला. ट्रेलर दुरुस्त झाला. मग त्याने ते खोकं टेबलावर ठेवलं. त्यात नवा ब्रेक कंट्रोलर होता.

"काका, मेपासून परत सुरू करतोय. बर्मिंगहॅमला एक जण मिळालाय हे बसवणारा. पण खरं सांगू? पूर्वी म्हणते, काकांनी बसवला तरच मी त्या गाडीत बसेन. आणि मलाही तसंच वाटतं. या बाबतीत माझा तुमच्याशिवाय कोणावर विश्वास नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ह्यांनी खोकं उघडलं, डबी बाहेर काढली. उलटीसुलटी करून बघितली. किती दिवसांनी त्या हातांत कामाची वस्तू होती. क्षणभर मला भीती वाटली की हा माणूस हो म्हणतोय.

त्यांनी डबी परत खोक्यात ठेवली. टपालाच्या ढिगातून एक कोरा कागद काढला, खिशातलं पेन त्यावर ठेवलं आणि दोन्ही परीक्षितकडे सरकवलं.

"आता बोललास ते लिही. काकांशिवाय कोणावर विश्वास नाही. मागच्या वेळी त्यांनी डबी बरोबर बसवली होती, ती मी काढली. खाली सही कर. मग बसवतो."

परीक्षित हसला. मग हसू थांबवलं. "काका, आता कशाला ते? सगळं क्लोज झालंय. उगाच जुनं उकरून काय मिळणार आपल्याला?"

ह्यांनी कागद बोटाने आणखी थोडा पुढे सरकवला. परीक्षितने पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं. खोकं बगलेत घेतलं. पेढे राहू द्या म्हणाला आणि निघाला. मी पेढ्यांचा डबा उचलून त्याच्या पिकअपच्या सीटवर आदळायला दाराबाहेर पडले, तर माझ्या आधी हेच चपला न घालता बाहेर गेले होते.

गाडीच्या खिडकीशी उभे राहिले. मला वाटलं, आता विरघळले. आता म्हणतील, आण ती डबी. पण हे वाकून म्हणाले, "बर्मिंगहॅमवाल्याला सांग, सपाट जागी बसव म्हणावं. घट्ट, पुढे तोंड करून. पूर्वी बसते त्या गाडीत. मागच्या वेळी तशीच होती ती."

परीक्षितने सीटबेल्ट ओढला, चावी फिरवली.

"माहीत आहे मला, काका," तो म्हणाला.

अगदी सहज म्हणाला. जसं आपण कोणाला हवा गार आहे म्हणतो, तसं. हे खिडकीला हात लावून उभेच राहिले, आणि त्याने काच वर घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.